वेणूच्या पानावरच्या टिकल्या

"अर्पिता, तुझं अक्षर कसं आहे गं?"

शेवाळेवहिनी दारातूनच विचारत होत्या. माझ्या मांडीवर चिमी होती, तिच्या हनुवटीवरून नाचणीची पेज ओघळत होती आणि चमचा कुठं गेला ते आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

"बरं आहे. का हो?"

"नुसतं बरं नको. सगळ्यांना वाचता आलं पाहिजे."

आत आई, माझ्या सासूबाई, गवार निवडत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "छापल्यासारखं आहे तिचं. शाळेत फळ्यावर सुविचार तीच लिहायची म्हणे."

शेवाळेवहिनी आत येऊन बसल्या. पिशवीतून त्यांनी कागदांची चळत काढली आणि चिमीचा हात पोचणार नाही अशी धरली. आमच्या कॉलनीतल्या महिला मंडळाच्या त्या चिटणीस. धरणाच्या पायथ्याला पाटबंधारे खात्याची ती कॉलनी होती. टेकडीवर कार्यकारी अभियंत्यांचा बंगला, त्याखाली इंजिनिअरांची क्वार्टर्स, त्याखाली कारकुनांची, आणि अगदी खाली, कालव्याच्या काठाला, चौकीदार आणि मजुरांच्या खोल्या. पाणी जसं वरून खाली येतं तसंच तिथं सगळं वरून खाली यायचं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळाची लेखनस्पर्धा असायची. प्रत्येकीनं एकच पान लिहायचं, आणि सगळ्या बायकांनी मिळून पहिलं निवडायचं.

"गेल्या वर्षी पहिलं बक्षीस देवकाते मॅडमना," शेवाळेवहिनी म्हणाल्या. "त्याच्या आदल्या वर्षी आधीच्या साहेबांच्या मॅडमना. बाई बदलली तरी बक्षीस आपलं बंगल्यावरच. बायका पान वाचतच नाहीत गं, खालचं नाव वाचतात. म्हणून यंदा नाव नाही. नुसता आकडा. आणि अक्षरावरून कळू नये म्हणून सगळी पानं एकाच हातची. तुझ्या."

"आणि मत कसं द्यायचं?"

त्यांनी याच प्रश्नाची वाट बघितली असावी. "दारात हळदीकुंकू लावायचं आणि बोटावर एक लाल टिकली द्यायची. आवडेल त्या पानाखाली चिकटवायची. चिठ्ठ्या नकोत, हात वर करणं नको. वाघआजींनापण टिकली द्यायची, मी आधीच सांगितलंय. ही टिकली मताची आहे, कपाळाची नाही."

"मला कितव्या पानाला लावावीशी वाटेल ते—"

"तुला टिकली नाही. तू सगळ्यांची अक्षरं बघणार, तुला सगळं माहीत असणार. न्याय म्हणजे न्याय."

आईंनी गवारीची परात बाजूला सारली. "शेवाळे, पहिलं आलेलं पान माइकवर वाचतात ना तुम्ही?"

"हो तर. मीच वाचते."

"पहिलंच? दुसरं, तिसरं नाही?"

"वेळ कुठाय काकू? उखाणे आहेत, वाण वाटायचंय."

"आणि कर्णा आमच्या क्वार्टरपर्यंत ऐकू येतो?"

"गणपतीत कानात बोटं घालून बसला होतात की तुम्ही!"

आई हसल्या, आणि पुन्हा गवार ओढून घेतली. पण त्या शेंगा त्यांनी आधीच निवडलेल्या होत्या. निवडलेल्याच पुन्हा निवडत बसल्या.

चिमी झोपली की मी पानं उतरवायला बसायची. तेव्हाही असंच चोरून लिहायचं होतं, आताही तसंच आहे. आता चिमी शाळेत जाते आणि कुशीत धाकटा असतो, एवढाच फरक. एखादं पान उतरवताना डोळ्यांतलं मीठ ओठावर आलं की कळायचं, हे चांगलं आहे. एकात उसाच्या फडाला लागलेली आग होती, एकात सासरी पहिल्यांदा केलेलं पिठलं. मॅडमच्या पानावर बंगल्याचं जाड, गुळगुळीत लेटरहेड होतं, आणि त्यावर सिंगापूर. विमानतळ, रस्ते, रस्त्यावर न सापडलेला कचरा.

आणि एक पान आईंचं होतं. अक्षर पाहिल्याबरोबर कळलं. मी काही बोलले नाही, कारण शेवाळेवहिनींना तसा शब्द दिला होता. आईही बोलल्या नाहीत. पण मी ते पान हातात घेतलं तेव्हा ओट्यापाशी भांड्यांचा आवाज थांबला.

पानाचं नाव होतं 'वेणूची दुपार'. एक बाई उडदाचे पापड लाटत बसली आहे. तिची लहानगी, वेणू, तेलात बुडवलेली लाटी पळवते आणि गाद्यांच्या वळकटीमागं लपते. आई शोधायला लागते, मुद्दाम भलतीकडेच. पिठाच्या डब्यात बघते, पाण्याच्या बंबात बघते, नवऱ्याची छत्री उघडून बघते. वळकटीमागून आवाज येतो, "मी नाहीये." आई म्हणते, "अगबाई, नाहीये का? मग राहिलेल्या लाट्या मीच खाते." तशी वळकटीच्या वरून एक बारकी, तेलकट मूठ बाहेर येते आणि उघडते. एवढंच. बाकी त्यात काही नव्हतं.

मी फसकन हसले. चिमी दचकली, पुन्हा झोपली.

"काय झालं?" आईंनी आतून विचारलं.

"काही नाही. एक पान गोड आहे फार." मग राहवलं नाही. "ही वेणू कोण असेल हो?"

भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. "असेल कुणीतरी," आई म्हणाल्या.

*

हळदीकुंकवाच्या दिवशी आईंनी निघण्याआधी अप्पांची वेताची खुर्ची व्हरांड्यात नेली. अप्पा म्हणजे माझे सासरे. जन्मभर याच खात्यात स्टोअरकीपर; एका धरणावरून दुसऱ्या धरणावर संसार नेत राहिले आणि शेवटी निवृत्त होऊन मुलाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, शिरीषच्या क्वार्टरमध्ये आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पेपर मी वाचून दाखवायची, तोही बाजारभाव आणि धरणाची पातळी एवढाच.

"आज बाहेर बसा," आई म्हणाल्या.

"कशाला? बायकांचे उखाणे ऐकायला?"

"ऊन बरं आहे बाहेर."

"उन्हात बसवून मला वाळवणार का तुम्ही?" अप्पा म्हणाले, पण उठले. आईंनी खुर्ची जरा फिरवली. हॉलपाशी कडुनिंब होता, त्यावर कर्णा बांधला होता. खुर्चीचं तोंड बरोब्बर त्याच्याकडं झालं. मी चिमीला टोपी घालत होते, ते माझ्या नुसतं नजरेला पडलं. खरा अर्थ तेव्हा लागला नाही. मला वाटलं, नवऱ्यानं आपलं कौतुक ऐकावं असं साठीतही वाटतंच की बाईला.

हॉलमध्ये दोरीवर चिमट्यांनी पानं अडकवली होती. माझ्याच अक्षरातली सगळी, एका माळेची. दारात शेवाळेवहिनी हळदीकुंकू लावून प्रत्येकीच्या तर्जनीवर टिकली ठेवत होत्या आणि बजावत होत्या, "आधी सगळी पानं वाचा. मग लावा."

कुणी वाचत नव्हतं. बायका बोटं उभी धरून एकमेकींना विचारत होत्या.

"मॅडमचं कुठलं गं?"

"हळू. शेवाळे ऐकेल."

"अगं पण कुठलं?"

बातमी चौरेवहिनींकडं होती. बातमी नेहमी त्यांच्याकडंच असायची. आमच्या भिंतीला भिंत असलेल्या चौरेवहिनी. त्यांनी पदर सारखा केला, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "मॅडमनी लहान मुलीवर लिहिलंय. त्यांच्या स्वयंपाकाच्या सुमननं सांगितलं. टेबलावर बसून लिहीत होत्या म्हणे, भाचीचं काहीतरी."

"लहान मुलीवर तर एकच पान आहे."

"मग झालं तर."

मी चिमीला कडेवर घेऊन कोपऱ्यात उभी होते. बघता बघता 'वेणूची दुपार'पुढं रांग लागली. एक टिकली, दुसरी, मग टिकलीशेजारी टिकली. समासात मावेनात तशा ओळींच्या मधल्या जागेत लावायला लागल्या. काही जणींनी उभ्या आहोत तर वाचूया म्हणून वाचलं, आणि त्या खरंच हसल्या. "मी नाहीये म्हणते बघ, मेली," कोकाटेबाई म्हणाल्या, आणि डोळे पुसले. "आमची सोनी अश्शीच करायची. काय लिहितात हो मॅडम!"

आई तिळगुळाचं ताट घेऊन फिरत होत्या. त्यांची टिकली त्यांनी पिठल्याच्या पानाला लावली होती. मी डोळ्यांनीच विचारलं, का? तशा जवळ येऊन म्हणाल्या, "तिला एकही नव्हती गं. बिचारी केव्हाची तिथंच उभी आहे."

पण त्या सारख्या वळून बघत होत्या. त्या लाल झालेल्या पानाकडं बघायच्या आणि मग खिडकीतून बाहेर, आमच्या क्वार्टरच्या दिशेनं. त्यांचा चेहरा तसा मी कधी पाहिला नव्हता. पाहुणे यायचे असले, गाडी स्टँडवर लागल्याचं कळलं, की घरातल्या बाईचा होतो तसा. माझ्याजवळून जाताना त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, मग विसरून पुन्हा एकदा ठेवला.

"अर्पिता, शेवाळे नीट वाचतात ना गं? घाई नाही ना करत?"

"नाही आई. छान वाचतात."

तेवढ्यात मॅडम आल्या.

खरं सांगायचं तर देवकाते मॅडम वाईट नव्हत्या. त्यांना बंगल्यावर कंटाळा यायचा आणि कॉलनीतल्या बायका त्यांच्याशी धड बोलायच्या नाहीत, नुसत्या हसायच्या. त्या दारातून आल्या, हळदीकुंकू लावून घेतलं आणि उत्साहानं म्हणाल्या, "काय मग, वाचलंत का माझं? सिंगापूर?"

शेवाळेवहिनींनी कपाळावर हात मारला. "मॅडम, नाव सांगायचं नव्हतं हो!"

"अय्या, सॉरी. मी आधी भाचीवर लिहिलं होतं. मग साहेब म्हणाले, एवढं सिंगापूर बघून आलीस ते लिही की. म्हणून ते फाडलं."

मॅडम उसाच्या पानाशी जाऊन मनापासून वाचायला लागल्या. त्यांची पाठ वळली आणि सगळ्या माना चौरेवहिनींकडं फिरल्या.

"भाचीवर म्हणाली होतीस ना?"

"मला काय स्वप्न पडलं होतं? सुमननं सांगितलं."

"सुमनला पोळ्या लाटायला ठेवलंय त्यांनी, बातम्या द्यायला नाही."

"सिंगापूरपुढं एक टिकली नाही गं. एक नाही!"

"त्यांनी पाहिलं तर?"

पहिला हात चौरेवहिनींचाच गेला. पानाजवळ जाऊन, वाचल्यासारखं करत, नखानं एक टिकली उचलली. "माझी चुकून इथं लागली," त्या कुणालाच उद्देशून म्हणाल्या, "चष्मा नाही ना आणला." ती टिकली सिंगापूरखाली गेली. मग दुसरी. मग रांगच लागली पुन्हा, त्याच बायकांची, त्याच पानापुढं.

शेवाळेवहिनी धावल्या. "अहो, हे काय? लावलेली काढायची नाही!"

"तसं सांगितलं होतंत का?"

"सांगितलं नव्हतं, पण—"

"मग?"

शेवाळेवहिनींनी सगळ्याचा विचार केला होता. नावाचा, अक्षराचा, वाघआजींचा. टिकली निघते, याचा तेवढा केला नव्हता.

मी आईंकडं पाहिलं. त्या ताट धरून दोरीपाशी उभ्या होत्या. पान हळूहळू पांढरं होत होतं. टिकलीच्या जागी गोंदाचे डाग राहत होते, आणि एके ठिकाणी कागदाची साल निघून माझी अक्षरं गेली होती. मला ओरडावंसं वाटलं की हे आईंचं आहे, तुमच्या खेडकरकाकूंचं, हसलात ना, रडलात ना आत्ताच? पण तसं ओरडले असते तर टिकल्या परत आल्या नसत्या, आणि आईंची मान तेवढी खाली गेली असती.

शेवटी निलिमा राहिली. लाइनमन पवारांची नवी बायको, आमच्यापेक्षा खालच्या ओळीतली. पवार अजून रोजंदारीवर होता, कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावर होता. तिची टिकली निघेना. नखं कापलेली, बोटं घामेजलेली, आणि मागून कुणीतरी म्हणत होतं, "अगं लवकर, त्या वळतायत."

आईंनी ताट टेबलावर ठेवलं.

"थांब," त्या तिला म्हणाल्या. "असं ओढू नको, कागद फाटेल. मी देते काढून."

त्यांनी ती टिकली कडेनं हलकेच सोडवली आणि निलिमाच्या बोटावर ठेवली. "जा," म्हणाल्या. "लाव."

मोजायचं काही उरलंच नव्हतं. तरी शेवाळेवहिनींनी मोजलं, ओठ घट्ट मिटून, आणि निकाल लिहिला. मॅडम फिरत फिरत शेवटी वेणूच्या पानापाशी आल्या होत्या. वाचता वाचता त्या मोठ्यानं हसल्या.

"हे कुणाचं आहे? मला तर हेच आवडलं बाई सगळ्यांत." त्यांनी आपली टिकली त्या मोकळ्या पानाखाली लावली. "एकही नाही हिला? कमाल आहे तुमची."

माझ्या मागं कुणीतरी कुजबुजलं, "आता परत हलवायच्या का गं?"

"मोजणी झाली!" शेवाळेवहिनी एवढ्या जोरात म्हणाल्या की चिमी रडायला लागली.

*

कर्ण्यावरून सिंगापूर वाचलं गेलं. शेवाळेवहिनी घाईनं वाचत होत्या, कडू औषध गिळावं तसं. आई पहिल्या रांगेत बसून होत्या. टाळ्यांच्या वेळी त्यांनी टाळ्याही वाजवल्या.

मग ठरल्याप्रमाणं सगळ्या पानांची नावं सांगितली गेली. 'वेणूची दुपार, सौ. खेडकरकाकू,' असं म्हणताना शेवाळेवहिनींचा आवाज चिरकला. नंतर बायका एकेक करून आईंपाशी आल्या. एकत्र कुणी आलं नाही.

"काकू, तुमचं होतं? अगबाई! मला तर फार आवडलं."

"काकू, खरं सांगू, पहिलं तुमचंच. पण आमच्या ह्यांच्या बदलीचं घोंगडं भिजत पडलंय, तुम्हाला माहीतच आहे."

चौरेवहिनी म्हणाल्या, "तुम्ही आधी सांगायचंत ना, काकू!"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?" मी म्हणाले. आईंनी माझा दंड दाबला.

"असू दे गं," त्या म्हणाल्या. "तिळगूळ घ्या, गोड बोला."

निलिमा तेवढी आली नाही. दारापाशी चपला शोधत खाली बघत राहिली.

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. अप्पा खुर्चीत तसेच बसलेले होते, कर्ण्याकडं तोंड करून. आमची चाहूल लागली तसे म्हणाले, "सिंगापूर फार स्वच्छ आहे म्हणे."

"हो," आई म्हणाल्या.

"थुंकलं तर दंड करतात."

"हो का?" म्हणत आई आत गेल्या.

मी मागोमाग गेले. त्या ओट्याला हात टेकून उभ्या होत्या. मी चिमीला खाली ठेवलं आणि पिशवीतून ते पान काढलं. येताना मी ते चिमट्यातून काढून आणलं होतं.

"आई, मी वाचून दाखवते अप्पांना. आत्ता, बाहेर बसून. पेपर वाचते तसं."

"नको."

"का पण? त्यांनीच ऐकावं म्हणून लिहिलंत ना? मला कळलं नाही का, खुर्ची कशी ठेवलीत ते?"

"घरात नाही व्हायचं ते." आई माझ्याकडं वळल्या. "तू पहिली ओळ वाचशील आणि ते उठून जातील. माणसाला उठून जाता येतं. कर्ण्याला कोण थांबवणार? तो तिकडून बोलत राहतो. चारचौघांत लागलेला असतो, बंद करा म्हणता येत नाही. म्हटलं, एकदा तसं कानावर पडेल. परक्या तोंडून."

"काय पडेल?"

"तिचं नाव."

बाहेर अप्पा खाकरले. आईंनी आवाज खाली केला.

"शिरीषच्या आधीची. वेणू. तू आलीस तेव्हा तुला कुणी सांगितलं नाही, कारण शिरीषलाच धड माहीत नाही. आम्ही तेव्हा वरच्या धरणावर होतो, डोंगरात. तिला ताप चढला, झटके यायला लागले. दवाखाना खाली तालुक्याला. गाडी म्हणजे साहेबांची जीप. हे धावत बंगल्यावर गेले. भर दुपार होती. शिपाई म्हणाला, साहेब झोपलेत, उठले की विचारतो."

त्या थांबल्या. चिमी रांगत येऊन त्यांच्या पातळाला धरून उभी राहिली होती. आईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आणि हे फाटकात उभे राहिले. साहेब उठायची वाट बघत. दार वाजवलं नाही, हाक मारली नाही. झोपमोड झाली तर साहेब काय म्हणतील. मी इकडं तिला मांडीवर घेऊन बसले होते, आत्ता जीप येईल, आत्ता येईल. साहेब वाईट नव्हता गं. उठल्यावर कळलं तर स्वतः गाडी घेऊन आला, अनवाणी. का नाही उठवलंत म्हणून ह्यांच्यावर ओरडला. पण तोवर..."

मी हातातलं पान ओट्यावर ठेवलं.

"त्या निलिमाची बोटं घामेजली होती ना, ती मी ओळखते," आई म्हणाल्या. "तिच्यावर कसला राग करू? ह्यांच्यावरसुद्धा मी कधी केला नाही. पण ह्यांनी स्वतःवर केला. कपडे, पाळणा, सगळं कुणाकुणाला देऊन टाकलं आणि मला म्हणाले, पुन्हा हे नाव काढलंस तर मी जिवाचं बरंवाईट करून घेईन. मी शब्द दिला, माझ्या तोंडून येणार नाही. नाही आलं. इतकी वर्षं तिला मी मनातसुद्धा हळू हाक मारते."

"म्हणून लिहिलंत."

"लिहिणार नाही असा शब्द नव्हता दिला." त्या किंचित हसल्या, आणि मग त्यांचा चेहरा आक्रसत गेला. "आज वाटलं, होतंय. सगळं पान लाल झालं होतं ना गं? तू पाहिलंस ना? मी म्हटलं, पोरी, आज तुला माणसं हाक मारणार. कॉलनीभर."

मी त्यांना धरलं. त्या रडल्या नाहीत, नुसत्या माझ्या खांद्यावर कपाळ टेकून राहिल्या. मग म्हणाल्या, "अर्पिता, तू एकदा मार."

"काय?"

"हाक. तू तर शब्द नाही ना दिलास. नुसती हाक. मोठ्यानं. जेवायला बोलावतात तशी."

मी चिमीला कडेवर घेतलं, का ते माहीत नाही. मोकळ्या हातांनी ते जमलं नसतं. माजघराच्या दारात उभी राहिले. समोर व्हरांडा, व्हरांड्यात अप्पांची पाठ.

"वेणू!" मी म्हणाले. आवाज फुटला नाही. पुन्हा म्हणाले, जोरात, "वेणू! वेणू, चल गं, पान वाढलंय!"

अप्पांची पाठ ताठ झाली. ते वळले नाहीत. खुर्चीचे हात धरून उठले, अंदाजानं पायऱ्या उतरले, फाटक ढकललं आणि कालव्याच्या रस्त्याला लागले. मागं आई उभ्या होत्या.

"बघ," त्या म्हणाल्या. "म्हटलं नव्हतं, उठून जातील?"

मग त्यांचं लक्ष खाली गेलं. "चपला नाही घातल्या त्यांनी." त्यांनी अप्पांच्या चपला उचलल्या आणि तशाच, पदर न सावरता, त्यांच्यामागं निघाल्या.

मी फाटकापर्यंत गेले. पुढं जावं की नाही कळेना. पाण्याच्या टाकीपाशी कालव्यावरचा छोटा पूल होता, तिथं अप्पा थांबले होते. आईंनी वाकून चपला त्यांच्यापुढं ठेवल्या. त्यांनी घातल्या नाहीत. दोघं नुसते उभे राहिले, मध्ये हातभर अंतर. मला वाटलं आता ते पुढं चालायला लागतील, ओरडतील. पाणी चाललं होतं, त्या आवाजात इथं काही ऐकू येत नव्हतं.

मग दिसलं, अप्पा बोलतायत. त्यांनी उजवा हात पुढं केला, तळवा जमिनीकडं, आणि तो गुडघ्याच्या वर, मांडीपाशी, हवेत धरला. लहान मूल केवढं होतं ते दाखवताना धरतात तसा.

आईंनी मान हलवली. एवढी उंच नव्हती, म्हणाल्या असाव्यात. त्यांनी अप्पांचा हात धरला आणि जरासा खाली केला.